चिंचेची चिठ्ठी फाडू का?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात आपला रविवारचा मराठीचा वर्ग सुटल्यावर एक बाबा दाराशी थांबले होते. त्यांनी सरळच विचारलं, "ताई, आम्ही चाळीस मिनिटं गाडी चालवून लेकीला घेऊन येतो. आज काय शिकलीस म्हटलं, तर म्हणते चिठ्ठ्या लावल्या आणि भांडलो. तुम्ही शिकवता कधी?" प्रश्न रास्त होता. दारात उभ्याउभ्या त्याचं नीट उत्तर देता येईना, म्हणून समितीने आज बोलायला सांगितल्यावर मी हाच विषय घेतला.

तर त्या चिठ्ठ्यांचं सांगते. मराठीत च दोन तऱ्हेने उच्चारतात. चिमणीतला वेगळा, चमच्यातला वेगळा. इथे जर्मनीत वाढलेली आपली मुलं सगळेच च चिमणीसारखे म्हणतात आणि आजी-आजोबा फोनवर हसतात. पहिल्या वर्षी मी फळ्यावर नियम लिहून दिला होता. मुलांनी तो वहीत सुवाच्य अक्षरात उतरवला आणि पुढच्या रविवारी पुन्हा 'च्यमच्या'. या वर्षी नियम सांगितलाच नाही. दोन टोपल्या ठेवल्या, एकीवर चिमणीचं चित्र, दुसरीवर चमच्याचं. मी शब्द मोठ्याने वाचायचा, मुलांनी ऐकून चिठ्ठी योग्य टोपलीत टाकायची. चाक, चोर, चूक, चव, चेंडू, चेहरा, चीक. तिसऱ्या-चौथ्या शब्दालाच एक मुलगा ओरडला, "हा तर त्सुगमधला त्स!" त्सुग म्हणजे आगगाडी. त्सुकर म्हणजे साखर. जो आवाज त्यांना जमत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, तो ही पोरं दिवसातून शंभर वेळा काढतात. जर्मनमधला झेड हाच आपला चमच्यातला च, हे मी कधी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही ते तोवर ध्यानात आलं नव्हतं.

मग 'चमचे' आला आणि गडबड झाली. पहिला च एका टोपलीतला, दुसरा दुसरीतला. नंतर आली 'चिंच'. एक मुलगी चिठ्ठी हातात धरून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "फाडू का?" मी म्हटलं, फाड. तिने 'चिं' चिमणीकडे टाकला आणि 'च' चमच्याकडे. त्यावर जे भांडण जुंपलं, त्यातूनच कुणीतरी म्हणालं की चिमणीच्या टोपलीत सगळीकडे वेलांटी नाहीतर मात्रा दिसते. म्हणजे पहिल्या वर्षी मी फळ्यावर लिहिलेला नियमच. फक्त आता तो त्यांचा होता. 'चंद्र', 'चरण' आणि 'चहा' या चिठ्ठ्या मात्र नियमात बसेनात. त्यांचा तिसरा ढीग झाला. तेव्हा मी सांगितलं की चंद्र आणि चरण संस्कृतातून जसेच्या तसे आले आणि चहा परदेशातून आला. हे मुलांना कितीही भांडून सापडलं नसतं. ते शिक्षकानेच सांगायचं असतं, पण प्रश्न उभा राहिल्यावर.

याला आपल्याकडे ज्ञानरचनावाद म्हणतात. शब्द जड आहे, म्हणणं साधं आहे. मूल रिकामं मडकं नसतं. जे त्याला आधीच ठाऊक आहे त्यात ते नवीन गोष्ट बसवून पाहतं, बसली नाही तर आधीचं मोडून पुन्हा रचतं. ही रचना दुसऱ्या कुणाला त्याच्यासाठी करता येत नाही. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी मुलांच्या चुकीच्या उत्तरांमागे तर्क असतो हे दाखवलं. रशियाचे मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी दाखवलं की आज मूल जे कुणाच्या आधाराने करतं, ते उद्या एकट्याने करेल. मग शिकवायचं ते नेमकं त्या मधल्या पट्ट्यात. आणि इथले, जर्मनीचे, भौतिकशास्त्राचे शिक्षक मार्टिन वागेनशाईन सूत्राआधी घटना मुलांसमोर ठेवायचा आग्रह धरत. तिघांचाही जन्म १८९६ चा, हा योगायोग मला फार आवडतो.

गणितात याचं उदाहरण आपल्या घरांतच आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असंही वाचन आलं आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते तुम्ही वाचलं असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलं अडखळतात. ऐकताना सात आधी येतो, लिहिताना दोन. त्या वादात कुठली बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा. पण आपल्या मुलांपुढे ही अडचण निम्मीच आहे, कारण जर्मनमध्येही सत्तावीस म्हणजे 'सात आणि वीस'च. झीबन-उंड-त्स्वान्सिश. लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी मुलाला हा आधार नाही. आपण तो वापरतच नव्हतो, कारण मराठीच्या वर्गात जर्मन बोलायचं नाही असा आपला दंडक होता.

तो दंडक मी मोडला तेव्हा एका सात वर्षांच्या मुलाने २९ ला 'नव्वीस' म्हटलं. काय सुंदर चूक आहे! सत्तावीस, अठ्ठावीस, मग नव्वीस. मी चूक खोडली नाही, १९, २९, ३९ ची मराठी नावं एकाखाली एक लिहून ठेवली. 'एकोण' सगळ्यांत आहे हे लगेच दिसलं. तीस मणी मोजून त्यातला एक उचलल्यावर 'एकोण' म्हणजे एक कमी, हेही कळलं. मग तो पुढे एकटाच गेला, एकोणनव्वदपर्यंत. आणि ९९ ला थांबून रागावला, की इथे एकोणशंभर का नाही? नव्व्याण्णव म्हणजे त्याचाच 'नव्वीस' झाला ना! इतकी वर्षं आकडे म्हणतोय आपण, हे कधी जाणवलं होतं का?

व्याकरणाचं थोडक्यात सांगते. "ती सूर्य उगवली" म्हणणाऱ्या मुलाला हसू नका. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगीच आहे. मुलाला लिंग कळत नाही असं नाही, त्याच्याकडे एक पूर्ण व्यवस्था आहे आणि ती तो इमानाने लावतो आहे.

विज्ञानासाठी आपला वेगळा वर्ग नाही, पण डिसेंबरात एक प्रयोग केला होता. शिक्षकांच्या जगात तो जुनाच आहे. मुलांना विचारलं, स्वेटर ऊब देतं का? सगळे हो म्हणाले. मग एक थर्मामीटर स्वेटरच्या घडीत, एक टेबलावर. आकडे सारखेच. मुलांनी मत बदललं का? छे. म्हणाली, वेळ कमी पडला, फटीतून वारा गेला. दुसऱ्या रविवारी स्वेटर पिशवीत बांधलं, दोन तास ठेवलं. तरी आकडे तेच. तेव्हा कुठे एक जण हळूच म्हणाला, "ऊब माझीच आहे का?" मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मुलांनी उत्तर पाठ केलं असतं आणि मनात स्वेटर गरमच राहिलं असतं.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं कुणी म्हणालं तर मी महाराष्ट्रातल्याच बोर्डी गावाकडे बोट दाखवते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली तिथे बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत गेल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळाच कुरणात गेली. बिया, शिंपले, पानं हे तिथलं साहित्य, कारण मुलाचं जग तेच. देशाच्या २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्याने हा विचार उचलला आणि सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले.

त्याची नक्कल मात्र पुष्कळ झाली. सुट्टीत मी एक शाळा पाहिली. फरशीवर सुरेख रंगवलेल्या चौकटी, संख्यारेषा, बाराखडी. मुलं भिंतीला टेकून ओळीने बसलेली, रंग खराब होऊ नये म्हणून. बाई पुढे उभ्या राहून पाढे म्हणवून घेत होत्या. मला फार वाईट वाटलं. रंगाला, खड्यांना अर्थ तेव्हाच येतो जेव्हा बाई मुलाचं उत्तर ऐकून पुढचा खडा कुठला ठेवायचा ते ठरवतात.

दुसरं टोकही धोक्याचं आहे, आणि ते इथल्या शाळांत तुम्ही पाहिलं असेल. युर्गेन रायशेन या स्विस शिक्षकांच्या पद्धतीत मूल कानाला ऐकू येईल तसं लिहीत जातं आणि सुरुवातीला चुका दुरुस्त करत नाहीत. 'फाटर' शब्द व्हीने सुरू होतो, मूल एफने लिहितं, तसंच राहू देतात. बॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली सुमारे ३००० प्राथमिक मुलांच्या शुद्धलेखनाची तुलना मांडली, त्यात क्रमाने अक्षरं शिकवणाऱ्या जुन्या पद्धतीची मुलं पुढे होती. त्यावर वाद झाले, पण मला त्यातलं घेण्यासारखं दिसतं. शुद्धलेखन हा समाजाचा संकेत आहे, तो मुलाला आतून सापडत नाही. म्हणून आपल्या वर्गात ऱ्हस्व-दीर्घ मी स्पष्ट शिकवते, दुरुस्तही करते. पाठांतरही सोडलेलं नाही. मनाचे श्लोक आपण म्हणतोच.

त्या बाबांना माझं सांगणं एवढंच, की चोवीस चिठ्ठ्या निवडायला मला शनिवारची सबंध संध्याकाळ लागली. कुठला शब्द कितवा यायचा, 'चिंच' 'चमचे'च्या आधी आली तर काय होईल, हे सगळं लिहून काढलं होतं. शिकवणं तिथे होतं. आता तुमच्याकडून मला एक हवंय. त्याच चिंचवाल्या मुलीने निघताना विचारलं, "ताई, मग ज चं काय? जहाज आणि जीभ वेगळे आहेत ना?" पुढच्या रविवारी ज च्या चिठ्ठ्या करायच्या आहेत. तुमच्या घरात, गावाकडच्या बोलण्यात ज असलेले जे शब्द आहेत, ते पाच-पाच लिहून मुलांच्या हाती पाठवा. आजी-आजोबा इथे आलेले असतील तर त्यांनाच घेऊन या, शब्द मोठ्याने वाचायला मला त्यांचे आवाज हवे आहेत.