एका क्रियापदासाठी अडलेली सभा

श्रोतेहो, नमस्कार.

१२ डिसेंबर २०१५ची संध्याकाळ. पॅरिसजवळच्या ल बूर्जेमध्ये जवळपास दोनशे देशांचे प्रतिनिधी ताटकळत बसले होते. हवामान कराराचा मसुदा हातात होता, पण बैठक काही सुरू होईना. घोडं अडलं होतं एका क्रियापदापाशी. श्रीमंत देशांनी उत्सर्जन कमी करण्यात पुढाकार घ्यायचा, या वाक्यात इंग्रजी ‘शॅल’ छापलं गेलं होतं. म्हणजे बंधनच. अमेरिकेला हवं होतं ‘शुड’, म्हणजे ‘घ्यावा’. ‘शॅल’ राहिलं असतं तर करार अमेरिकी सिनेटपुढे न्यावा लागला असता, आणि तिथे तो बारगळला असता. शेवटी छपाईच्या दुरुस्त्या वाचून दाखवताना, त्याच ओघात, ‘शॅल’चं ‘शुड’ झालं. परिषदेचे अध्यक्ष लोराँ फाब्यूस यांनी हातोडी आपटली. करार मंजूर!

हसू येतं ना? पण संयुक्त राष्ट्रांच्या या हवामान परिषदांमध्ये मतदानाचे नियमच आजवर ठरलेले नाहीत. सगळं एकमताने, म्हणजे एकेक शब्द घासूनपुसून. २०२१मध्ये ग्लासगोला कोळसा ‘बंद करण्याचं’ ऐनवेळी ‘कमी करण्यावर’ आलं, तेव्हा अध्यक्ष आलोक शर्मा यांचा गळा दाटून आला होता.

ओझोनचा थर वाचवायच्या वेळी हे इतकं जड गेलं नव्हतं. १९८७च्या माँट्रियल कराराने घातक रसायनं हटवली, कारण ती बनवणारे मोजके होते आणि पर्याय हाताशी आले. कोळसा-तेलावर मात्र सगळ्यांचीच चूल पेटते.

तरी चिवटपणा कामी येतो, हे मी वानुआटूकडे बघून म्हणतो. प्रशांत महासागरातला हा चिमुकला देश. समुद्र चढल्याने होणाऱ्या नुकसानीची भरपाई कोणी द्यायची, हा विषय त्याने छोट्या बेटांच्या वतीने १९९१मध्येच मांडला. भरपाईच्या निधीला होकार मिळाला २०२२मध्ये, इजिप्तमधल्या शर्म अल-शेखला. एकतीस वर्षं! त्यात पैसे किती जमतात, ती रड वेगळीच.

दरम्यान त्याच वानुआटूने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं दार ठोठावायला संयुक्त राष्ट्रांना राजी केलं. जुलै २०२५मध्ये न्यायालयाने मत दिलं: हवामान जपणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि करारात नसलेल्यांचीही त्यातून सुटका नाही. हे मत सल्ल्यापुरतंच आहे. पण पॅरिसला पुढच्या दाराने बाहेर गेलेला ‘शॅल’ हेगच्या मागच्या दाराने आत आला आहे.