सहा मीटरची नळी

(दृश्य : पितळेची छोटी पट्टी. मधोमध मोहरीएवढं भिंग. हात ती उजेडाकडे धरतो.)

या पट्टीला सूक्ष्मदर्शक म्हणायचं हे आज पटत नाही. पण डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतॉन व्हान लेव्हेनहूक असल्याच भिंगाला डोळा लावून बसायचा. १६७७ साली योहान हाम नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी काचेच्या कुपीत एक नमुना घेऊन त्याच्याकडे आला. वीर्याचा. आत शेपटीवाले जीव वळवळत होते. नमुना ज्याचा होता त्याला परमा झाला होता, म्हणजे आज ज्याला गनोरिया म्हणतात तो. हामची समजूत अशी, की हे जीव सडण्यातून पैदा झालेत.

लेव्हेनहूकने मग स्वतःचं वीर्य पाहिलं. पत्नीशी संबंध आल्यावर लगेच, नाडीचे सहा ठोके पडायच्या आत, असं त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. निरोगी माणसातही तेच जीव! पत्राच्या शेवटी विनवणी होती : मजकूर किळसवाणा वाटला तर तो आपल्यापुरताच ठेवावा.

शुक्रजंतू माणसाला पहिल्यांदा दिसला तो असा, गुप्तरोगाच्या रुग्णात. त्याला साडेतीनशे वर्षं होत आली. त्या पत्रातला संकोच मात्र अजून तसाच आहे.

(दृश्य : प्रयोगशाळा. झाकणाची डबी, वर नाव आणि वेळ.)

नमुना आला की पहिली अर्धा तास वाट पाहायची. ताजं वीर्य जेलीसारखं घट्ट असतं, ते हळूहळू सुटतं. तंत्रज्ञ पिपेटने थोडं उचलतात आणि सोडतात. थेंब सुटे पडले तर ठीक. तार लोंबत राहिली तर चिकटपणा जास्त, तशी नोंद करायची.

मग काचपट्टी. ४०० पट मोठं करून.

(दृश्य : पडदाभर शुक्रजंतू. काही सरळ, काही गोल गोल फिरणारे.)

हे दृश्य कितीही वेळ बघितलं तरी कंटाळा येत नाही. तंत्रज्ञांना मात्र मोजायचं असतं. हातातला काउंटर टिकटिक करतो : पुढे जाणारे, जागच्या जागी हलणारे, पडून राहिलेले. निदान दोनशे मोजायचे, आणि परत दुसऱ्या थेंबातले दोनशे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आणि एकूण ४२ टक्के हलणारे, हे खालच्या बाजूचे आकडे दिलेत. ज्यांना वर्षभरात मूल राहिलं अशा पुरुषांतल्या तळाच्या पाच टक्क्यांवरून ते ठरले. म्हणजे ती काही लक्ष्मणरेषा नाही.

सुई नाही, भूल नाही, पोटात दुर्बीण नाही. तरी मूल होत नाही म्हटल्यावर तपासण्यांच्या रांगेत या वीर्यतपासणीचा नंबर शेवटी लागतो. बाईची सोनोग्राफी, रक्त, गर्भनलिकांचा एक्स-रे होऊन जातो, तेव्हा कुणाला तरी आठवतं की अजून एक माणूस तपासायचा राहिलाय.

(दृश्य : काचपट्टीवर गोल पेशी. शेजारच्या पट्टीवर त्यातल्या काही तपकिरी झालेल्या.)

इथे थांबू. या गोल पेशी बघा. घाईत रिपोर्टवर ‘पस सेल’, म्हणजे पुवाच्या पेशी, म्हणून लिहून टाकल्या जातात. पण अर्धवट वाढलेले शुक्रजंतूही असेच गोल दिसतात. म्हणून पेरॉक्सिडेझचा रंग टाकायचा. तपकिरी झाल्या त्या पांढऱ्या पेशी, जंतूंशी लढायला आलेल्या. मिलिलिटरला दहा लाखांच्या वर गेल्या तर कुठेतरी दाह चालू आहे असं धरतात. कशामुळे, ते या काचेवर कळत नाही.

आणखी एक. वीर्याचं कल्चर, म्हणजे ताटलीत जंतू वाढवून पाहायची तपासणी, निगेटिव्ह आलं म्हणून पुष्कळ जण निश्चिंत होतात. क्लॅमिडिया हा संबंधातून पसरणारा जंतू पेशीच्या आत राहून वाढतो, साध्या कल्चरच्या ताटलीत तो उगवतच नाही. त्याच्यासाठी लघवीची पहिली धार लागते, तासभर तुंबवून ठेवलेली, आणि त्यातून जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक पुरुषांना काहीही त्रास होत नाही. परम्यात बहुधा निदान पू तरी येतो, जळजळ होते, माणूस डॉक्टरकडे पळतो.

२०२० साली जगात क्लॅमिडियाचे १२ कोटी ९० लाख आणि गनोरियाचे ८ कोटी २० लाख नवे संसर्ग झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

(दृश्य : अधिवृषणाची प्रतिकृती. एक हात वेटोळी उलगडतो. नळी टेबलावरून खाली जाते, तरी संपत नाही.)

वृषणाच्या पाठीला चिकटलेला हा बोटभर अवयव म्हणजे अधिवृषण. आत एकच नळी, गुंडाळी करून कोंबलेली. ताणली तर सहा मीटर. वृषणातून निघालेल्या शुक्रजंतूला पोहता येत नसतं. या नळीतून सरकत सरकत, काही दिवसांत, तो पोहायला शिकतो. अधिवृषणाच्या शेपटाकडच्या भागात साठतो आणि तिथून शुक्रवाहिनीत जातो.

रोगाचे जंतू येतात उलट्या वाटेने. मूत्रमार्गातून मागे, शुक्रवाहिनीतून वर, आणि पहिली गाठतात ती हीच शेपटाकडची वेटोळी. अंडकोश सुजतो, एका बाजूला ठणका लागतो. पस्तिशीच्या आतल्या लैंगिकदृष्ट्या सक्रिय पुरुषांत अशी सूज आली तर पहिला संशय या दोन जंतूंवरच घ्यायचा. वय वाढलं की बहुधा लघवीच्या मार्गातले नेहमीचे जंतू निघतात. सूज ओसरते, जखम भरते, पण भरताना वण सोडते. केसाएवढ्या पोकळीत वण पडला तर रस्ता बंद. आणि नळी एकच असल्याने त्या बाजूला दुसरी वाट नाही.

त्या माणसाला हे कळायला काही मार्ग नसतो. वृषण काम करतंय, हार्मोन ठीक, इच्छा ठीक. वीर्यही दिसायला तेवढंच, कारण त्यातला मोठा वाटा रेताशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींच्या स्रावांचा असतो. शुक्रजंतूंनी व्यापलेली जागा अगदी थोडी. काचपट्टीवर मात्र शून्य. पण त्यासाठी दोन्हीकडच्या नळ्या बंद व्हाव्या लागतात. संसर्ग झालेल्या प्रत्येकाचं असं होत नाही, बहुतेकांचं होत नाही.

(दृश्य : शुक्रजंतूंच्या गर्दीत पांढऱ्या पेशी. मग एकमेकांना चिकटलेल्या शुक्रजंतूंचा पुंजका.)

रस्ता उघडा असला तरी दाहाची झळ लागते. पांढऱ्या पेशी जंतूंवर जे रासायनिक निखारे फेकतात, ते शेजारून जाणाऱ्यालाही भाजतात. शुक्रजंतूने प्रवासासाठी सामान इतकं कमी केलेलं असतं की दुरुस्तीची सोयच उरलेली नसते. आवरण खराब होतं, वेग मंदावतो, डोक्यातल्या डीएनएचे तुकडे पडतात. आणि हा पुंजका? शरीर आपले-परके लहानपणीच ठरवून टाकतं. शुक्रजंतू येतात वयात आल्यावर, म्हणून रक्ताशी गाठ पडली की ते परकेच. त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली तर ते एकमेकांना असे अडकून बसतात.

क्लॅमिडिया किंवा परम्याचा हाच जंतू बाईकडे गेला तर तिच्या गर्भनलिका बंद पडू शकतात.

(दृश्य : शस्त्रक्रियागृह. सूक्ष्मदर्शकाखाली दोन चिमटे.)

बंद पडलेल्या नळीला वळसा घालून रस्ता जोडायची ही शस्त्रक्रिया. अधिवृषणाचं फुगलेलं हे वेटोळं पाव मिलिमीटरच्या आसपास. सर्जन त्याला बारीक छेद देतात. आतून आलेला थेंब काचपट्टीवर टेकवून लगेच बाजूच्या सूक्ष्मदर्शकाखाली. सगळे थांबलेत. शुक्रजंतू दिसले तर अडथळा याच्या पुढे आहे, शुक्रवाहिनी इथेच जोडायची. नाही दिसले तर आणखी वर, वृषणाच्या दिशेने. धागा टेन-झीरो, केसाहून बारीक. गाठ मारली जाते ती फक्त पडद्यावर दिसते, टेबलाशी उभं राहून नाही. शिवलेली नळी उघडी राहीलच याची खात्री कुणी देत नाही. नाहीच राहिली तर सुईने शुक्रजंतू काढून थेट बीजांडात सोडायचा. ही पद्धत १९९२पासून आहे.

(दृश्य : पुन्हा पहिली प्रयोगशाळा. तीच डबी.)

या नमुन्यात पांढऱ्या पेशी जास्त निघाल्या. लघवीच्या चाचणीत क्लॅमिडिया सापडला. डॉक्सिसायक्लिन, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. जोडीदारालाही औषध, पण तिला कुठलं ते वेगळं ठरवतात, कारण गर्भ राहिलेला असू शकतो. दोघांचं पूर्ण होईपर्यंत संबंध नाहीत. एकानेच घेतलं तर जंतू त्याच घरात परत येतो. वण पडला असेल तर गोळ्यांनी तो जात नाही.

शुक्रजंतू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर नळीतला प्रवास. त्याआधीचा नमुना जुनाच माल दाखवेल. तंत्रज्ञ कार्डावर तीन महिन्यांनंतरची तारीख घालतात. नावाच्या रकान्यात एकच ओळ आहे. तिथे दोन नावं दाटीवाटीने बसवतात.