हिवाळ्यातला पाया
(नाशिकच्या रस्त्यांवरचा सायकल सराव : लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : गंगापूर धरण, पहाट. पाण्यावर धुकं. काठाच्या रस्त्यावर एक लाल दिवा हळूहळू सरकतो आहे.]

जानेवारीचा दुसरा आठवडा. सहा वाजून गेलेत, पण उजाडायला अवकाश आहे. या दिवसांत नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावरच वर येतो. निफाडकडे पारा याहून खाली असेल. इथे धरणाकाठी सायकलच्या मीटरवर आकडा दिसतोय, ९ अंश.

हे ९ अंश उभ्या माणसाला. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने निघालं की अंगाला ते ५ अंशांसारखे लागतात. आणि तरीही महाराष्ट्रात सायकलवाल्यांसाठी वर्षातले सगळ्यात चांगले दिवस हेच. पाऊस संपलेला, ऊन अजून चढलेलं नाही, चार-पाच तास सलग चालवता येतं. हे चार महिने कसे वापरले यावर पुढचं वर्ष ठरतं.

[दृश्य : घरातली खोली. खुर्चीवर एकावर एक ठेवलेले कपडे. हात एकेक उचलतात.]

आधी कपडे. अंगालगत पातळ, घाम बाहेर टाकणारा सिंथेटिक थर. सुती बनियन इथे घात करतं. चढावर घाम पितं, तो धरून ठेवतं, आणि उतार लागला की तेच ओलं कापड छातीला गार पट्टीसारखं चिकटतं. त्यावर जर्सी, आणि जर्सीवर बिनबाह्यांचा विंडचीटर. वारा छातीवर घेतला जातो, म्हणून आडोसा तिथेच हवा. पाठ मोकळी राहिली तरी चालते.

हातांवर जे दिसतंय ते विकतचं नाही. फुटबॉलचे जुने लांब मोजे, पंजाकडून कापलेले. नऊ वाजता ऊन तापलं की मनगटाकडून खेचून काढायचे आणि जर्सीच्या मागच्या खिशात टाकायचे. नाशिकच्या थंडीची खरी गोम हीच आहे. सहाला ९ अंश आणि साडेदहाला २४. जाड जॅकेट घातलेला माणूस त्र्यंबकला पोचेपर्यंत ते कमरेला बांधून फिरतो, आणि लोंबणारी बाही मागच्या चाकात जाऊ शकते.

[दृश्य : गुडघा, जवळून. त्यावर चढणारं काळं कापड.]

गुडघे मात्र झाकायचेच, १५ अंशांच्या खाली कधीही. गुडघ्यावर ना मांस ना चरबी; वाटीखालची कंडरा सरळ वाऱ्यात असते. ती गार असताना मोठा गिअर दाबला की दुखणं सुरू होतं, आणि एकदा सुरू झालं की हंगामाचे तीन-चार आठवडे घेऊन जातं. म्हणून पहिली वीस मिनिटं लहान गिअर आणि मिनिटाला ९० फेरे, मग मागचे कितीही पुढे निघून जावोत.

थर बरोबर आहेत की नाहीत हे गेटपाशीच कळतं. निघताना थोडं कुडकुडायला हवं. तिथेच उबदार वाटलं तर एक थर जास्त झालाय.

[दृश्य : छातीचा पट्टा नळाखाली धरला आहे. पाण्याचे थेंब.]

हा हार्ट रेटचा पट्टा. तो ओला करणं हा काही विधी नाही. त्यातल्या इलेक्ट्रोडला ओल लागते. उन्हाळ्यात ती घामाने आपोआप मिळते, थंडीत घाम उशिरा येतो. कोरडा पट्टा पहिली दहा मिनिटं मनाला येईल तो आकडा दाखवतो, आणि आजची सगळी राइड त्या आकड्यावर चालायची आहे.

[दृश्य : गिरणारे रस्ता. सहा सायकली, दोन-दोनच्या जोड्या. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, बागेच्या कडेला शेकोट्यांचा धूर.]

हे सहा जण ताशी २३-२४ ने चाललेत. यांच्यातले तिघे सपाटीवर ३५ ने सहज ओढू शकतात. ते ओढत नाहीत, आणि या दृश्यात सगळ्यात अवघड काम तेच आहे.

किती ठोक्यांवर चालवायचं, तो आकडा कसा काढायचा? बाजारात फिरतं ते सूत्र, २२० वजा वय, माणसागणिक दहा-बारा ठोक्यांनी चुकतं. त्यापेक्षा एक चाचणी करा. नीट अंग गरम करून, मोकळ्या रस्त्यावर, एकट्याने, ३० मिनिटं एकसारखा पूर्ण जोर. शेवटच्या २० मिनिटांची हृदयगतीची सरासरी घ्या. समजा ती १६५ आली. तिच्या ८१ ते ८९ टक्के, म्हणजे १३४ ते १४७, हा तुमचा हिवाळ्याचा ठोक्यांचा टप्पा. सायकलवाले याला झोन टू म्हणतात. घड्याळ नसेल तर तोंडाचं ऐका. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग जास्त झाला.

या संथ तासांमध्ये आत पुष्कळ काही घडत असतं. स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, मायटोकॉन्ड्रिया, संख्येने आणि क्षमतेने वाढतात. शरीर चरबी जाळायला शिकतं आणि साखरेचा साठा पुढच्या चढासाठी राखतं. हे बदल आठवड्यांच्या हिशोबात होतात, आणि तासांचा रतीब घातल्याशिवाय होत नाहीत.

चढ आला की मोह होतो. इथे बघा, मधला पांढरी जर्सीवाला उठून उभा राहतो, चार पेडल मारतो, मनगटाकडे बघतो आणि पुन्हा खाली बसतो. १५८ ठोके झाले होते. दर रविवारी प्रत्येक टेकाडावर शर्यत लावणाऱ्या गटात काय होतं, तर सगळी राइड मधल्याच तीव्रतेवर जाते. पाया बांधायला ती जड आणि वेग वाढवायला हलकी. डिसेंबरमध्ये असे गट जोरात दिसतात. फेब्रुवारीत पाय साथ सोडतात.

नाशिकला हे नवं नाही. २०१५ मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर. असलं अंतर उभं राहतं ते अशाच न दिसणाऱ्या पहाटांवर. आणि बहुतेकांचं ध्येय असतं तो २०० किलोमीटरचा ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब राइड, तरी काय मागतो? साडेतेरा तासांची मुदत. थांबे धरून सरासरी ताशी १५ पुरेशी. दहाव्या तासाला पाय फिरत राहिले पाहिजेत, एवढंच.

[दृश्य : द्राक्षाचा घड जवळून, मण्यांवर दव. मागे शेकोटी.]

थंडी फार वाढली की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून बागाईतदार पहाटे शेकोट्या पेटवतात. त्यांचा नाइलाज आहे. पण वरची हवा उबदार आणि जमिनीलगतची गार असली की धूर वर जात नाही, रस्त्यावरच पसरून राहतो. दम लागलेला माणूस अशी हवा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आत ओढतो. अशा दिवशी आठनंतर निघावं. कोरड्या गार हवेने ठसका लागतो, त्यासाठी बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, नाकापर्यंत ओढून घ्यावा. श्वासाची वाफ आत राहते आणि घशाला आराम मिळतो.

[दृश्य : रस्त्याच्या कडेला उलटी ठेवलेली सायकल. टायरमधून ओढलेला काटा, तळहातावर.]

हा सराटा. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पसरलेला हिरवा वेल दिवाळीनंतर वाळतो आणि त्याची ही काटेरी फळं डांबरावर येऊन पडतात. कोणत्याही बाजूने पडलं तरी एक काटा वरच असतो. म्हणून कच्च्या कडेवर उतरायचं नाही.

पंक्चर झालं तर घाईने नवी ट्यूब भरू नका. सराटा क्वचितच एकटा असतो. टायरच्या आतून कापूस किंवा रुमाल फिरवा. बोट फिरवलं तर बोटालाच लागेल. कापूस जिथे अडकेल तिथे काटा, नाहीतर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी तार. पॅच लावायचा असेल तर सोल्युशन थंडीत सावकाश सुकतं. उन्हाळ्यात दोन मिनिटांत काम होतं, इथे पाच मिनिटं थांबा, चकाकी जाईपर्यंत. ओल्या सोल्युशनवर दाबलेला पॅच दहा किलोमीटरवर सुटतो.

आणि हवा. रात्री २२ अंशांच्या खोलीत ८० पीएसआय भरली, तर पहाटे बाहेर ती साधारण ७६ भरते. दव पडलेल्या रस्त्यावर हे चांगलंच; तेवढ्यासाठी पुन्हा पंप लावू नका.

[दृश्य : त्र्यंबक रस्ता, अंजनेरीच्या अलीकडे. भगव्या पताका, टाळ-मृदंग. दिंडी. सायकली वेग कमी करतात, मग उतरून चालू लागतात.]

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आधीचे काही दिवस हा रस्ता वारकऱ्यांचा.

(दहा सेकंद निवेदन नाही. फक्त मृदंग.)

[दृश्य : चहाची टपरी. हातात केळं, खिशातून निघालेली तिळाची वडी.]

थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी राहून जातं. तासाला अर्धा लिटर ठरवूनच प्यायचं, घरून कोमट भरून आणलेलं. दीड तासापेक्षा लांब राइड असेल तर तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दोन केळी. संक्रांतीच्या दिवसांत तीळगूळ खिशात असतोच. पण त्यात तेल बरंच, चढाच्या तोंडावर खाऊ नका. चहाचा थांबा दहा मिनिटांच्या आत उरका. अंग गार पडलं की गुडघ्यांची सगळी गोष्ट पहिल्यापासून.

[दृश्य : त्र्यंबकच्या पुढे, जव्हारच्या रस्त्यावर तोरंगण घाटाचं तोंड. एक जण वर्तमानपत्राची घडी जर्सीखाली सरकवतो.]

सायकलवाल्यांची ही फार जुनी युक्ती. चढून आल्यावर अंग घामाने भिजलेलं असतं आणि समोर उतार. वर्तमानपत्राची चार पानं छातीवर ठेवली की वारा अडतो आणि घाम कागद पितो. खाली आल्यावर कागद खिशात, रस्त्यावर नाही. बोटं बधिर असतील तर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे आणि वळणाच्या आधीच वेग कमी. सावलीतल्या वळणांवर दव दहापर्यंत टिकतं.

[दृश्य : मंगळवार, पहाटे पावणेसहा. बंद गॅलरीत ट्रेनरवर सायकल. पंखा चालू.]

आठवड्यात कामावर जायचं असतं आणि सातपर्यंत अंधार. म्हणून मंगळवार-गुरुवार घरातच, एक तास, ट्रेनरवर. मागचं चाक धरून सायकल जागीच चालवू देणारा हा स्टँड. मागच्या चाकाला ट्रेनरसोबत आलेला लोखंडी स्क्यूअर (चाकाच्या मधून जाणारी दांडी) लावलाय. नेहमीचा हलका या कचाट्यात नीट बसत नाही आणि जोर लावताच सटकू शकतो. ट्रेनरचा रोलर टायरला टेकला की नॉब आणखी दोन फेरे. सैल राहिला तर टायर घसरतो आणि फरशीवर रबराची काळी पूड पडते. फार आवळला तर टायर मधोमध चपटा होतो.

थंडीत पंखा कशाला, असं घरचे विचारतात. बाहेर वारा अंग गार ठेवतो, इथे तो नाही. पंख्याशिवाय त्याच जोराला ठोके वाढत जातात. सायकलच्या वरच्या नळीवर टॉवेल, कारण घाम हेडसेटच्या, म्हणजे हँडलखालच्या सांध्याच्या, बोल्टांना गंज लावतो.

मंगळवारचा तास असा : १० मिनिटं अंग गरम करणं. मग एक मिनिट ११० फेरे, एक मिनिट आराम, असं पाच वेळा. कंबर सीटवर उड्या मारायला लागली तर फेरे कमी करा. त्यानंतर १५ मिनिटं नेटाने, ५ हलकी, पुन्हा १५ नेटाने, शेवटची ५ मोकळी. नेटाने म्हणजे एफटीपीच्या ८८ ते ९३ टक्के. एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल तेवढा जास्तीत जास्त जोर, वॅटमध्ये. एफटीपी काढायला २० मिनिटांच्या पूर्ण जोराची सरासरी घ्या, तिच्या ९५ टक्के. सरासरी २१० वॅट आली तर एफटीपी साधारण २००, आणि हा पट्टा १७६ ते १८६. हिवाळ्यात असा जोर आठवड्याला एकदाच पुरे. गुरुवारी पुन्हा झोन टू. बुधवारी वीस मिनिटं उठाबशा, पायरीवर चढउतार आणि प्लँक. तीन आठवडे तास थोडे-थोडे वाढवायचे, चौथ्या आठवड्यात कमी करायचे.

पाया होतोय की नाही, हे दोन तासांच्या राइडमध्ये दिसतं. जोर तोच ठेवून पहिल्या आणि दुसऱ्या तासाची हृदयगती ताडून बघा. फरक ५ टक्क्यांच्या आत आला की जोराचे दिवस वाढवायला हरकत नाही.

[दृश्य : आकाशात पतंग. मग विजेच्या तारेवर लोंबणारा मांजा.]

संक्रांतीच्या आसपासचे तीन दिवस बाहेर जाऊच नका, ट्रेनरवर बसा. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो झाडांवर आणि तारांवर अडकलेला असतो. पहाटेच्या उजेडात तो दिसतही नाही. गळा कापून दुचाकीस्वार दगावल्याच्या बातम्या दर वर्षी येतात.

[दृश्य : रविवार दुपार. चेन, अगदी जवळून. एका रोलरवर पडणारा तेलाचा थेंब.]

हिवाळ्याची धूळ कोरडी आणि बारीक. पावसाळ्यातलं दाट तेल आता लावलं तर ती त्यात मिसळून सहाणेवरच्या गंधासारखी होते आणि दाते खाते. आता पातळ, मेणाचं तेल. एका रोलरला एकच थेंब, रात्रभर मुरू द्यायचा, सकाळी वरचं सगळं पुसून टाकायचं. बोट लावलं तर काळं होता कामा नये. चेन मापायची पट्टी ०.५ वर आत गेली की अकरा गिअरची चेन बदला.

[दृश्य : टायर हळूहळू फिरतो. कापूस एका जागी अडकतो. चिमट्यात सराट्याचा तुटलेला काटा.]

हा अजून आरपार गेला नव्हता.

पुढचा सराव मंगळवारी, ट्रेनरवर. पहाटे पावणेसहा.