कुत्रा चावल्यानंतरचा पहिला आठवडा

श्रोतेहो, नमस्कार.

कुत्रा चावून रक्त आलं, की दवाखान्यात दोन गोष्टी टोचतात. दंडात लस आणि जखमेच्या कडेकडेनं सिरम. हे दुसरं भलतंच दुखतं. मग पेशंट कळवळून विचारतो, "डॉक्टर, लस दिलीत ना, आता हे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. लशीत रेबीजचे मारलेले विषाणू असतात. त्यांना नेमकं ओळखणाऱ्या बी पेशी, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, आपल्या शरीरात असतात, पण अगदी मोजक्या. त्या जाग्या व्हायच्या, एकीच्या दोन, दोनाच्या चार व्हायच्या, आणि मग रक्तात अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला धरून निकामी करणारी प्रथिनं, सोडायच्या. आधी येतात आयजीएम. आकारानं थोराड, पण पकड सैल. मागाहून आयजीजी, घट्ट धरणाऱ्या आणि टिकणाऱ्या. या खटाटोपाला आठवडा तरी जातो. पुरेसा साठा व्हायला साधारण १४ दिवस.

जखमेतला विषाणू मात्र तेवढं थांबेलच असं नाही. तो नसेत, म्हणजे मज्जातंतूत, शिरला, की मेंदूची वाट धरतो. गोवरात, डेंग्यूत आजारी माणसाचं शरीरच अँटिबॉडी तयार करून रोगाला आवरतं. रेबीजमध्ये विषाणू नसांत लपलेला, त्यामुळे शरीराला पत्ताच लागत नाही. अँटिबॉडी दिसतात त्या बहुधा लक्षणं सुरू झाल्यावर, आणि तोवर वेळ गेलेली असते.

म्हणून सिरम. लस टोचलेल्या घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेल्या या तयार, उसन्या अँटिबॉडी. त्या विषाणूला जखमेतच गाठतात. पहिल्या लशीला ७ दिवस उलटून गेले, तर मात्र सिरम देत नाहीत. तोवर घरचं उत्पादन सुरू झालेलं असतं.

या सगळ्याआधी जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. चुना, तिखट, हळद काही भरायचं नाही. आणि पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजूनही कुणाच्या मनात असेल, तर ती लस आपल्याकडून केव्हाच गेली.

आता डॉक्टर तुम्हाला विचारतात, "याआधी रेबीजचा कोर्स पूर्ण केला होता का?" होकार आला आणि जुना कागद सापडला, तर सिरम लागत नाही. आज एक आणि तीन दिवसांनी एक, एवढ्या दोनच लशी. कारण मागच्या वेळच्या काही बी पेशी अजून शरीरात असतात. त्या विषाणूला ओळखतात, आणि या खेपेला कामाला लागायला त्यांना फार दिवस लागत नाहीत.