सहा मीटरचा हिशेब

[जळगाव एमआयडीसी. टेम्पोतून अँगल, म्हणजे L आकाराच्या लोखंडी पट्ट्या, उतरतायत.]

चाळीस बाय चाळीस, पाच एमएम जाड. एक लांबी, म्हणजे एक अख्खी पट्टी, 6 मीटर, वजन 18 किलो. माल किलोवर येतो आणि तुकडेही किलोवरच जातात, फक्त भंगाराच्या भावाने.

[भिंतीवर खडूने लिहिलेली यादी.]

कापसाच्या ट्रॉलीच्या जाळ्यांसाठी 2200 एमएमचे 20 नग, 1550 चे 20. एकेक माप संपवत गेलं तर 2200 ला 10 लांब्या लागतात, 1550 ला 7. एकूण 17. पहिल्या दहांतून प्रत्येकी 1594 चा तुकडा उरतो. 1550 चा नग त्यातच निघाला असता. पण त्याची पाळी येईपर्यंत तुकडा ढिगात गेलेला असतो.

[कट-ऑफ मशीन. ठिणग्या.]

कापणारं चाक 3 एमएम जाडीचं. दर कापाला तेवढं लोखंड उडून जातं. म्हणून 6000 तून 1500 चे चार नग निघत नाहीत. चौथा 1491 भरतो. सगळ्या खुणा आधीच मारून ठेवणारे इथेच फसतात. एक नग कापावा, मगच पुढची खूण.

[स्टॉपर सरकवणारे हात.]

स्टॉपर, म्हणजे लोखंडाचं टोक जिथे अडतं तो माप धरणारा ठोकळा, 2200 वर. दहा लांब्यांतून दोन-दोन नग. उरलेले तुकडे खाली टाकायचे नाहीत, मशीनजवळच रचायचे. मग स्टॉपर 1550 वर, प्रत्येक तुकड्यातून एक नग. हाती राहतात 41 एमएम. बाकीच्या दहा नगांना चार लांब्या. एकूण 14, आणि स्टॉपर हलला तो एकदाच! तेरात बसवायचा हट्ट मात्र नको: एका लांबीतून तीनच्या वर नग निघत नाहीत आणि नग आहेत 40.

वाचले 54 किलो.

[टेप लावून मोजणी.]

41 एमएमची मोकळीक तशी थोडीच. बिलावर 6 मीटर असलं तरी एखादी लांबी 5950 निघते, एखादीचं टोक वाकलेलं असतं. म्हणून उतरवतानाच मोजायचं. आखूड लांबी 1550 च्या तीन नगांसाठी बाजूला.

अशा कापणीचं गणित सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी 1939 साली लेनिनग्राडमध्ये मांडलं. मापं दहा-बारा झाली की भिंत पुरत नाही, संगणक लागतो. त्यातही चाकाची जाडी भरली नाही, तर शेवटचा नग आखूडच येणार.

[रॅक.]

शेवटच्या लांबीतले 4447 एमएम माप लिहून रॅकवर. किती लहान तुकडा ठेवायचा, हे आपल्या सर्वांत छोट्या नगावरून ठरतं.