शेंद्र्याची जुनी आरएस आणि दारात येऊ पाहणारी स्लाविया

(दृश्य: उघडं बॉनेट. इंजिनावर धूळ, एका कोपऱ्यात नवा कोरा रबरी पाइप.)

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाचा जोरकस अवतार, मॉडेल 2004. इंजिन 1781 सीसीचं, चार सिलिंडर. दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन हवा आत घ्यायला आणि दोन धूर बाहेर टाकायला. वर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. ताकद 150 पीएस, म्हणजे अश्वशक्तीच. त्या काळी टर्बो म्हटलं की लोकांना डिझेलच आठवायचं, पेट्रोल गाडीला टर्बो ही नवलाई होती. आपल्याकडे तर कौतुक दुप्पट, कारण ऑक्टाव्हिया 2001 पासून आपल्याच शेंद्रा एमआयडीसीत जोडली जात होती. आत्ताचं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं आणि जालना रोडवर कुणी ऑक्टाव्हिया घेऊन निघाला की ‘आपल्या गावची गाडी’ म्हणायची पद्धत होती.

ही गाडी आमच्या काकांची. गाव अंबड तालुक्यात, मोसंबीची बाग. गाडीला वीस वर्षं उलटून गेली, काकांची साठी झाली, आणि काकू म्हणतात आता बिनक्लचची गाडी घ्या. नाव निघालं स्कोडाच्याच स्लावियाचं, 1.5 टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल.

(दृश्य: दोन्ही गाड्या शेजारी उभ्या.)

गंमत म्हणजे तिचीही ताकद 150 पीएसच. इंजिन मात्र 1498 सीसीचं. टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायची ओढ, जुनीचा 210 न्यूटन मीटर, नवीचा 250. ही शेंद्र्यात बनत नाही, चाकणहून येते. गावचा अभिमान इथंच संपला म्हणायचा, पण अभिमानावर गाडी चालत नाही.

(दृश्य: समृद्धी महामार्ग, दुपारचं ऊन.)

आधी समृद्धीवर नेऊ. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, कारला वेगमर्यादा 120. इथं स्लाविया जिंकते, आणि वाद घालायला जागा नाही. सपाट रस्त्यावर एका चालीत असताना तिचे चारपैकी दोन सिलिंडर आपोआप झोपतात, पेट्रोल वाचतं. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. सहा एअरबॅग आहेत. 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला पाच तारे मिळाले. मे महिन्यात तापलेल्या सिमेंटवर टायर फुटून काय होतं ते समृद्धीच्या बातम्यांत आपण वाचतो. घरची माणसं मागच्या सीटवर असतील तर मी डोळे मिटून नवी निवडेन.

(दृश्य: कन्नडचा औट्रम घाट, सकाळ.)

आता कन्नड घाट. हायकोर्टाच्या आदेशानं 2023 पासून अवजड वाहनांना तो बंद झाला, त्यामुळे वळणं जरा मोकळी मिळतात. जुनी आरएस दुसऱ्या गिअरवर. पाय दाबला की आधी काहीच होत नाही. टर्बोला दम घ्यायला क्षणभर लागतो. काटा दोन हजाराच्या पुढं सरकतो आणि मग पाठ सीटला चिकटते. स्टिअरिंग हायड्रॉलिक, हाताला जड. डांबर कुठं उखडलंय, कुठं खडी सांडलीय, सगळं तळहाताला कळतं. स्लावियाचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक, बोटांवर फिरणारं. ती या वळणांवरही जुनीइतकीच चपळ आहे, कदाचित थोडी जास्तच. पण तिचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सगळं स्वतःच ठरवतो. आपण सांगितलेलं ऐकतो, तेही जरा नाखुशीनं. काकांना गिअर टाकायला आवडतं. डाव्या गुडघ्याला आवडत नाही.

(दृश्य: डिकी. मोसंबीचे कॅरेट.)

इथं मला नव्याचा राग येतो. कागदावर जुनीची डिकी 528 लिटर, नवीची 521. सात लिटरचा फरक म्हणजे फरकच नाही. पण जुनीचं मागचं झाकण काचेसकट वर जातं. कॅरेट सरळ उचलून आत. स्लावियाच्या डिकीचं तोंड अरुंद. कॅरेट तिरपं करा, आत ढकला, काढताना कंबरेतून वाका. सेडान देखणी दिसावी म्हणून शेतकऱ्यानं किती वाकायचं?

(दृश्य: पेट्रोल पंप.)

जुनीचा खरा शत्रू मात्र पंपावर आहे. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. 2004 च्या गाडीचे रबरी पाइप, सील, गॅस्केट त्या हिशोबानं बनलेलेच नाहीत. ते बदलत राहावे लागतात. बॉनेटखाली तो नवा पाइप दिसला ना, तो त्यासाठीच. आणि इथेनॉल येतं कुठून? काही उसातून, आपल्या मराठवाड्यातल्या कारखान्यांतूनही. त्यात वीस वर्षांपुढच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 2025 मध्ये दहा हजारांवर गेली. टायमिंग बेल्टकडे दुर्लक्ष करून चालत नाही. स्पार्क प्लगला वीज देणारी कॉइल कधी मान टाकेल याचा नेम नाही.

कुणी म्हणेल, आरएसच्या जागी आरएसच आणा. 2025 मध्ये नवी ऑक्टाव्हिया आरएस आली की. 265 पीएस, पूर्ण आयात केलेली, देशासाठी फक्त 100 गाड्या, एक्स-शोरूम किंमत पन्नास लाखांच्या घरात. रक्ताचा वारस तोच, पण मोसंबीच्या भावात बसणारा नाही.

मग माझं मत असं. रोजच्या जाण्यायेण्याला, दवाखान्याला, पुण्याला मुलीकडे जायला स्लाविया घ्यावी. त्या कामात ती आरएसची जागा घेते आणि वर चार गोष्टी जास्त देते. काका आरएस इतकी वर्षं सांभाळत आले ते या कामांसाठी नव्हे. रविवारी सकाळी घाट चढायला ते कुठलीच नवी गाडी नेणार नाहीत, तेव्हा बदली शोधायची कशाला?

काकूंना हे पटलंय, एका अटीवर. पत्र्याच्या शेडखाली दोन गाड्या मावायच्या तर ट्रॅक्टरची ट्रॉली बाहेर काढावी लागणार, आणि ती पावसात भिजता कामा नये. सध्या घरात चर्चा गाडीची नाही, नव्या पत्र्यांच्या भावाची चालू आहे.