खांबाच्या बुडाशी इस्तंबूल

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘तीन दिवसांत इस्तंबूल: संग्रहालयं, वास्तू आणि जुने बाजार’. त्यावर येतोच. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, ती पटली तर तीन दिवसांचा आराखडा तुमचा तुम्हालाच सुचेल.

इस्तंबूलमध्ये पर्यटक मान वर करून फिरतो. घुमट बघतो, मिनार बघतो, मान अवघडली की कुठेतरी बसून चहा घेतो. माझं सांगणं असं की या शहरात नजर खाली ठेवा. खांबाचा तळखडा बघा, चौथऱ्याच्या चारही बाजू बघा, गालिचाची उलटी बाजू बघा, तांब्याच्या भांड्याचं बूड बघा. वाड्यात वाढलेल्यांना तळखडा म्हणजे काय ते सांगायला नको. खांबाचं लाकूड जमिनीच्या ओलीला लागू नये म्हणून खाली बसवलेला तो दगड. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने इ.स. 330 मध्ये इथे राजधानी थाटली, तेव्हा तिला शोभा आणायला जगभरातून खांब, पुतळे, दगड आणले गेले. पुढे ते एका इमारतीतून निघून दुसरीत गेले. आणि आणलेली वस्तू नव्या जागी कशी जुळवून घेतली, हे तिच्या बुडाशीच कळतं.

सुलतानअहमेत मशिदीच्या समोर एक लांबट मोकळं मैदान आहे. तुर्की नाव ‘आत मेयदानी’. ‘आत’ म्हणजे घोडा आणि मेयदान म्हणजे आपलं मैदान. बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळात इथे रथांच्या शर्यती व्हायच्या. बरेचसे सहलवाले या मैदानाला जेमतेम दहा मिनिटं देतात: तो इजिप्तचा स्तंभ, तो सापाचा स्तंभ, फोटो काढा, चला. हे मला फार खुपतं. तिकीट नाही, रांग नाही, चोवीस तास उघडं, आणि वाचायला इतकं आहे की एकट्या त्या इजिप्तच्या स्तंभालाच अर्धा तास पुरत नाही.

तो कसा बघायचा ते नीट सांगतो. लाल ग्रॅनाइटचा हा स्तंभ इजिप्तचा राजा तुतमोस तिसरा याचा, म्हणजे इ.स.पू. 15व्या शतकातला. मूळ कर्नाकच्या मंदिरात होता. इ.स. चौथ्या शतकात तो अलेक्झांड्रियाला आणला गेला आणि तिथेच बरीच वर्षं पडून राहिला. सम्राट थिओडोसियसने इ.स. 390 मध्ये तो इथे उभा केला. आता टोकाकडे बघू नका. खालच्या कडेला बघा. इजिप्तची चित्रलिपी तिथे मध्येच तुटते. स्तंभ मुळात बराच उंच होता, खालचा भाग गेला. जो उरला तो काशाच्या चार ठोकळ्यांवर उभा आहे, चार कोपऱ्यांना चार. मध्ये फट आहे, तिच्यातून पलीकडचा उजेड दिसतो. सोळाशेहून जास्त वर्षं, भूकंपाच्या प्रदेशात, एवढं वजन त्या चार ठोकळ्यांवर!

ठोकळ्यांखाली संगमरवरी चौथरा आहे. चौथऱ्याचा पाया आजच्या जमिनीच्या बराच खाली, कठड्याच्या आत आहे. शर्यतींच्या काळातली जमीन तेवढी खाली होती, वरचा भराव नंतरचा. कठड्याला धरून एक प्रदक्षिणा घाला. आया सोफिया या जुन्या चर्चच्या, आताच्या मशिदीच्या, दिशेची जी बाजू आहे, तिच्या खालच्या पट्टीत स्तंभ उभारण्याचंच चित्र कोरलंय: आडवा स्तंभ, दोर आणि उभे रहाट फिरवणारी माणसं. ज्या चौथऱ्यावर स्तंभ उभा आहे, त्याच्यावरच तो कसा उभा केला याची नोंद! मला यापेक्षा प्रामाणिक स्मारक माहीत नाही. त्याच्या विरुद्ध बाजूला खाली रथांची शर्यत आहे. वरच्या भागात चारही बाजूंना सम्राट आपल्या सज्जात बसलाय. मशिदीकडच्या बाजूला त्याच्या हातात विजेत्यासाठी हार आहे आणि खालच्या रांगेत नाचणाऱ्या बाया आणि वाजवणारे. गर्दीचे चेहरे झिजलेत, तरी ती रांगेनं उभी माणसं बघताना जत्रेतला फड आठवतो.

आता गंमत ऐका. मशिदीकडच्या बाजूला खाली लॅटिन लेख आहे, त्याच्या बरोबर उलट बाजूला ग्रीक लेख. दोन्ही पद्यात, दोन्हींत स्तंभ किती दिवसांत उभा राहिला ते सांगितलंय. लॅटिन म्हणतो तीस, ग्रीक म्हणतो बत्तीस. एकाच दगडाच्या दोन बाजू, एकच काम, आणि दोन दिवसांचा फरक. लॅटिनमध्ये शब्द आहेत ‘तिनदा दहा’. वृत्तात बत्तीस बसले नसावेत. ज्यांनी कधी आर्या जुळवायला घेतली असेल, त्यांना कवीची अडचण लगेच कळेल.

आणि नाव. काम करवून घेणारा शहराचा अधिकारी प्रोक्लस. लॅटिन लेखाच्या शेवटच्या ओळीत आणि ग्रीक लेखाच्या तिसऱ्या ओळीत त्याचं नाव आहे, आणि दोन्हीकडे ते खरवडून पुन्हा कोरलेलं आहे. स्तंभ उभा राहिल्यावर तीनच वर्षांत, 393 मध्ये, दरबारी राजकारणात प्रोक्लसला मृत्युदंड झाला आणि दगडावरून त्याचं नाव काढलं गेलं. पुढे त्याचा शत्रू रुफिनस पडला, तेव्हा नाव परत घातलं. अक्षरांभोवतीचा दगड किंचित खोल गेलाय. नुसत्या डोळ्यांना दिसतं, पण प्रकाश तिरपा हवा. दुपारी बाराला गेलात तर सगळा चौथरा सपाट दिसेल. लॅटिन बाजू सकाळी बघा, ग्रीक बाजू संध्याकाळी.

तिथून पुढे चालत गेलं की खड्ड्यात पिळासारखा काशाचा स्तंभ. तीन साप एकमेकांत गुंडाळलेले. इ.स.पू. 479 मध्ये ग्रीकांनी प्लाटियाला इराणी सैन्याचा पराभव केला, त्याबद्दल डेल्फीच्या देवळाला वाहिलेला. लढलेल्या 31 ग्रीक राज्यांची नावं खालच्या वेढ्यांवर कोरली होती. सापांची डोकी सुमारे 1700 साली तुटून पडली. त्यातल्या एकाचा वरचा जबडा इथल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. म्हणजे धड मैदानात आणि जबडा पंधरा मिनिटांच्या चालीवर. दोन्ही एकाच दिवशी बघावेत, नाहीतर दुवा सुटतो.

तीच नजर घेऊन येरेबातान साराय, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्यात उतरा. सम्राट जस्टिनियनच्या काळातलं, सुमारे 532 चं. खांब 336: बारा रांगा, प्रत्येकीत अठ्ठावीस. प्रत्येक खांब सुमारे नऊ मीटर. हे खांब इथे बसवायला घडवलेले नाहीत, मिळाले तिथून गोळा केलेत. म्हणून कोणाचं शीर्ष नक्षीदार, कोणाचं साधं. अगदी आतल्या कोपऱ्यात दोन खांबांच्या तळखड्यांच्या जागी मेडुसाची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांच्या केसांच्या राक्षसिणीची, दोन डोकी आहेत. एक उलटं, एक आडवं. त्यावर मार्गदर्शक खूप कहाण्या रचून सांगतात. मला साधं कारण पटतं: खांब आखूड पडले, हाताशी हे कोरीव ठोकळे होते, ज्या बाजूनं उंची बरोबर बसली त्या बाजूनं लावले. सगळं पाण्याखाली जाणार होतं, बघणार कोण? 1980च्या दशकात गाळ उपसला तेव्हा ती उजेडात आली. उजेड कमी आणि फरशी ओली असते, तेव्हा चपला घट्ट पकडीच्या घाला.

तिथेच एक खांब अश्रूंच्या आकाराच्या नक्षीचा दिसेल, त्याच्यापाशी गर्दी असते. ती नक्षी डोळ्यांत साठवा आणि ट्रामनं दोन थांबे पुढे बेयाझितला उतरा. रस्त्याच्या कडेला, लोक ये-जा करतात तिथेच, थिओडोसियसच्या चौकातल्या कमानीचे मोठाले तुकडे पडलेत. नक्षी तीच! टाक्यात तिकीट काढून बघितलेला खांब कुठल्या घराण्यातला, ते इथे फुटपाथवर कळतं.

आयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली आहेत. तीन दिवसांचं वचन दिलंय, तेव्हा आता भराभर सांगतो.

पहिला दिवस मैदान, टाकं आणि आया सोफिया. आया सोफिया इ.स. 537 ची, मूळचं चर्च. 1453 मध्ये तुर्कांनी शहर जिंकल्यावर मशीद, 1930च्या दशकात संग्रहालय, 2020 पासून पुन्हा मशीद. परदेशी पर्यटकांना आता तिकीट काढून फक्त वरच्या सज्जात सोडतात. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी जाऊ नका, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. वर पायऱ्या नाहीत, दगडी उतार आहे, गुडघेदुखीवाल्यांनी सावकाश चढावा. सज्जाच्या संगमरवरी कठड्यावर एका उत्तर युरोपातल्या सैनिकानं रूनी या तिकडच्या जुन्या लिपीत नाव कोरून ठेवलंय, ‘हाल्फदान’ एवढं वाचता येतं. संग्रहालयांचा पास घेतलात तरी टाकं आणि आया सोफिया त्यात येत नाहीत.

दुसरा दिवस तोपकापी राजवाडा आणि त्याच्या उतारावरचं पुरातत्त्व संग्रहालय. राजवाडा मंगळवारी बंद. संग्रहालय उस्मान हामदी बे यांनी 1891 मध्ये उघडलं. सिडॉनहून आणलेली अलेक्झांडरची म्हणून ओळखली जाणारी दगडी शवपेटी तिथे आहे. तिच्यावर मूळ रंगाच्या खुणा राहिल्यात, त्या शोधा. इजिप्त आणि हित्ती राज्य यांच्यातल्या कादेशच्या प्राचीन तहाची मातीची पाटीही तिथेच.

तिसरा दिवस बाजार, पण सकाळी आधी मैदानाच्या बाजूच्या इब्राहिम पाशाच्या वाड्यात तुर्की आणि इस्लामी कला संग्रहालय बघा. कोन्याच्या अलाएद्दीन मशिदीतले 13व्या शतकातले सेल्जुक, म्हणजे उस्मानींच्या आधीच्या तुर्की राजवटीतले, गालिचे तिथे आहेत. डोळा तयार होतो, मग बाजारात फसवणूक कमी. गालिचाचा कोपरा उलटा करा: मागून गाठी मोजता आल्या पाहिजेत आणि नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसली पाहिजे. झालर ही ताण्याचीच टोकं असते. वेगळी शिवलेली दिसली तर गालिचा बहुतेक यंत्राचा.

कापालीचार्शी, म्हणजे झाकलेला बाजार, रविवारी बंद. 61 गल्ल्या, चार हजारांवर दुकानं. गल्ल्यांची नावं धंद्यावरून, जशी आपली तांबट आळी. शिरल्यावर भरकटण्यापेक्षा थेट मधल्या इच बेदेस्तेनला जा. शहर जिंकणाऱ्या सुलतान फातिह मेहमेदनं 1450च्या दशकात बांधायला घेतलेला हा बाजाराचा गाभा, आणि त्याचं उत्पन्न आया सोफियाला जायचं. पूर्वेच्या दारावर मात्र मान वर करा: तिथे एकमुखी गरुडाचं झिजलेलं शिल्प आहे, बायझंटाईन समजतात.

मिसिर चार्शिसी हा मसाल्याचा बाजार, 17व्या शतकातला. ‘मिसिर’ म्हणजे आपला मिसर देश. ढिगानं, पळीनं मोजून देतात ते केशर समजू नका, त्या करडईच्या पाकळ्या. पाण्यात टाकताच पिवळं झालं तर ठेवून द्या, अस्सल काडी रंग हळूहळू सोडते आणि स्वतः लाल राहते. ‘हिंत सफरानी’ अशी पाटी दिसली तर ती आपली हळद.

शेवटचं तांबं. भांडं उलटं करा. हाताचं असेल तर बुडाला हातोडीचे ठोके बारीक, सलग दिसतात. बाहेरून लॅकर मारलेलं चकचकीत भांडं शोभेचं, चुलीवर ठेवलंत तर थर जळून वास मारतो. स्वयंपाकाला हवं असेल तर आत कल्हई पाहिजे, पांढरट, एकसारखी, तांबडा ठिपका कुठेही नको. दुकानदाराला ‘कलाय’ म्हणा. तुर्कीत कथलाला तेच म्हणतात, आणि कल्हईवाला तिथे कलायजी.